किती इंची, किती वॅट? राहू दे, हवा किती ढकलतो ते सांगा!

घरच्या घरी होम थिएटर जुळवायचं म्हटलं की येळ्ळूरपासून निपाणीपर्यंत गप्पा दोनच प्रश्नांवर येऊन थांबतात. किती इंची? किती वॅट? सबवूफर निवडताना हेच दोन आकडे सगळ्यात कमी कामाचे असतात.

हिशेबच करू. डीजेच्या जुन्या सेटमधून निघालेला १५ इंची वूफर. त्याच्या कोनचं क्षेत्रफळ साधारण ८५० चौरस सेंटिमीटर, पण कोन पुढे सरकतो जेमतेम ५ मिलिमीटर. गुणाकार ४२५ घन सेंटिमीटर. आता खास घरगुती सबवूफरसाठी बनवलेला १२ इंची घ्या. क्षेत्रफळ ५००, पण सरक १२ मिलिमीटर. म्हणजे ६०० घन सेंटिमीटर, अर्ध्या लिटरहून जास्त हवा एका धक्क्यात. बारा इंचीनं पंधरा इंचीला चीतपट केलं. चांगळेश्वरीच्या यात्रेत कुस्त्या बघत वाढलेल्या येळ्ळूरला नुसत्या वजनावरून पैलवान जोखू नये, हे वेगळं सांगायला नको.

या सरकेला म्हणतात एक्समॅक्स. वूफरच्या कागदावर तो छापलेला असतो. छापलेला नसेल तर दुकानदारानं कितीही छाती ठोकून सांगितलं तरी तो सबवूफर नव्हे, नुसता वूफर.

निम्म्यावर या, चौपट मोजा

४० हर्ट्झचा सूर ज्या जोरानं वाजतो, त्याच जोरानं २० हर्ट्झचा वाजवायचा तर कोनला चौपट सरकावं लागतं. दुप्पट नव्हे, चौपट. म्हणून 'तीस हर्ट्झपर्यंत मस्त वाजतो' आणि 'वीसपर्यंत वाजतो' या दोन वाक्यांच्या किमतीत मोठा फरक असतो.

त्यात आपला कानही चेंगट. १००० हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबलला ऐकू यायला लागतो, पण २० हर्ट्झचा सूर नुसता 'आहे' एवढं कळायला ७८ डेसिबलच्या आसपास जोर लागतो. साउंडबारच्या अडीच इंची पिटुकल्या स्पीकरकडून ही अपेक्षा करणं म्हणजे अन्याय आहे, बिचारा काय करणार!

पखवाजाची कणीक आणि वूफरचा एफएस

गावातल्या भजनी मंडळाचा पखवाजवाला वाजवायला बसण्याआधी काय करतो, ते जवळून बघा. मळलेल्या कणकेचा गोळा घेतो, डाव्या अंगाच्या धुमेवर मधोमध थापतो, बोटांनी पसरतो, एक थाप मारून कान लावतो. आवाज अजून खाली हवा असेल तर आणखी थोडी कणीक. जास्त झाली तर नखानं काढून टाकतो. कातड्याचं वजन वाढवलं की कंपन मंदावतं आणि सूर खाली उतरतो.

वूफर बनवणारे इंजिनिअर नेमकं हेच करतात. कोन जड करायचा, त्याला धरून ठेवणारी कड आणि आतली जाळी सैल ठेवायची. मग कोनचा स्वतःचा सूर, म्हणजे एफएस, खाली येतो. गणितही सोपं आहे. ताण तोच ठेवून वजन चौपट केलं तर एफएस निम्मा होतो. सबवूफरसाठी हा आकडा २० ते ३० हर्ट्झच्या दरम्यान असलेला बरा. ४५-५० असेल तर तो गाण्यांचा वूफर. सिनेमातला स्फोट त्याला पेलणार नाही.

कणकेसारखंच वजन देणाऱ्या, आपल्या चर्मवाद्यांवरच्या शाईची करामत चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही भुरळ घालून गेली होती. तबला-मृदंगातून सुरेल स्वर का निघतात, यावर त्यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिलं. नोबेल त्यानंतर दहा वर्षांनी मिळालं, तेही प्रकाशावरच्या कामासाठी. डग्गा-मृदंगावरही एखादं द्यायला हरकत नव्हती.

दहा वर्षं धूळ खाल्लेला कागद

कोनला चिकटलेली तारेची कॉइल, मागे चुंबक, ही रचना १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडली (बासमतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या येळ्ळूरला यातलं पहिलं आडनाव लक्षात राहायला अडचण नाही). शंभर वर्षांत चुंबक बदलले, गोंद बदलले, पण मूळ रचना तीच राहिली. मात्र अमुक वूफरला किती लिटरचं खोकं लागतं, हे पुढची कितीतरी वर्षं अंदाजानंच चाललं होतं. सुतारानं खोकं करायचं, वाजवून बघायचं, नाही जमलं तर दुसरं करायचं.

हा गुंता सोडवला ऑस्ट्रेलियात. नेव्हिल थील नावाच्या इंजिनिअरनं १९६१ साली तिकडच्या एका नियतकालिकात निबंध छापला. बाहेरच्या जगानं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. १९७१ साली तोच निबंध अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीनं पुन्हा छापला, सिडनी विद्यापीठात काम करणाऱ्या रिचर्ड स्मॉलनं पुढच्या दोन वर्षांत तो विस्तारला, आणि वूफरची कुंडली तयार झाली. एफएस, क्यूटीएस, व्हीएएस ही अक्षरं म्हणजे त्या दोघांची देणगी. आज मोबाइलवर हे आकडे घातले की खोक्याचं माप सेकंदात मिळतं.

(सिडनीचा आणि खर्जाचा योग जुनाच. तिथल्या टाउन हॉलमधल्या पाइप ऑर्गनमध्ये ६४ फुटी स्वराची नळी आहे. तिचा सूर ८ हर्ट्झचा. तो ऐकू येत नाही, पण बाकडं थरथरतं.)

कुंडलीतला क्यूटीएस, म्हणजे कोनची थरथर किती लवकर आवरते ते सांगणारा आकडा, आधी बघा. ढोबळ नियम असा: ०.३ ते ०.४५ असेल तर पाइपवालं म्हणजे पोर्टेड खोकं, ०.४५ ते ०.७ असेल तर बंद खोकं. त्याहून वर गेला तर तो वूफर दुकानातच राहू द्या.

हॉफमनचा लोखंडी कायदा

छोटं खोकं, खोल खर्ज, कमी वॅटमध्ये मोठा आवाज. तिन्ही हवेत? मिळणार नाहीत. यातले दोनच निवडायचे, तिसऱ्यावर पाणी सोडायचं. हा नियम सांगणारा अँटन हॉफमन. केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' तोच, आणि जगप्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन याचा तो मुलगा. बापानं सूर वाजवले, मुलानं सुरांची किंमत लावली.

या कायद्यानंच डीजेचा १८ इंची घरात फसतो. त्याला कमी वॅटमध्ये प्रचंड आवाज काढायचा असतो आणि त्याचं खोकं कपाटाएवढं असलं तरी चालतं, टेम्पोवरच तर ठेवायचं असतं. ढोल-हलगीचा दणका बहुतेक ४० हर्ट्झच्या वरच असतो, त्यामुळे 'झिंगाट' तो झकास वाजवतो. ज्यांना फक्त गाणीच वाजवायची आहेत त्यांनी तो खुशाल घ्यावा, वाया जाणार नाही. पण सिनेमात इमारत कोसळते तेव्हा हा गप्प बसतो.

जाड पाइप आखूड की लांब?

दहापैकी नऊ जण चुकतील असा प्रश्न. ६० लिटरचं खोकं आहे, २५ हर्ट्झला ट्यून करायचं आहे. तीन इंची पीव्हीसी पाइप घातला तर लांबी सुमारे ३० सेंटिमीटर. मग चार इंची, म्हणजे दहा सेंटिमीटर आतल्या व्यासाचा घातला तर? आखूड लागणार नाही, जवळपास ५५ सेंटिमीटर लागेल! रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो घुमारा येतो, तेच हे शास्त्र. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं ते एकोणिसाव्या शतकात मांडलं. तोंड रुंद झालं की सूर चढतो, मान लांब केली की उतरतो.

मग तीन इंचीच घालावा का? नको. मोठ्या आवाजात अरुंद पाइपातून हवा फसफसते आणि ते फसफसणं ऐकू येतं. चार इंचीच घ्या, खोक्यात मावत नसेल तर एल्बो लावून वळवा. प्लंबिंगच्या दुकानात सगळं मिळतं. दुकानदार 'बाथरूम कुठं काढलाय?' म्हणून विचारेल, तेवढं सहन करा.

मारुतीतला वूफर हॉलमध्ये का रुसतो

'गाडीत असला दणका द्यायचा, घरात आणला तर आवाजच नाही.' ही तक्रार गल्लोगल्ली ऐकू येते. वूफर बिघडलेला नाही. बंद जागेच्या लांबीच्या दुपटीहून मोठी लहर झाली की त्या जागेतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि खर्ज आपोआप वाढतो. आठ फुटांच्या गाडीत हा फायदा ७० हर्ट्झपासूनच सुरू होतो. तुमच्या १८ फुटी हॉलमध्ये तो ३१ हर्ट्झच्या खाली सुरू होणार, आणि खिडक्या-दारं उघडी असतील तर तेवढाही मिळणार नाही. गाडीतला सगळा पराक्रम गाडीच्या काचांचा होता.

प्लाय, कणी आणि घड्याळातला सेल

खोक्यासाठी १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय घ्या. एमडीएफ आवाजाला उत्तम आहे, पण बेळगावचा पावसाळा त्याला मानवत नाही. कडा फुगतात, स्क्रू सुटतात. उद्यमबागेत फाउंड्रीत किंवा लेथवर काम करणारं माणूस बहुतेक घरात किंवा शेजारी असतंच. त्याला मापाचं वेड असतं. वूफरचं भोक त्याच्या देखरेखीखाली कापून घ्या.

खोकं झालं की एक गंमत करा. ते आडवं ठेवा, वरच्या फळीवर मूठभर तांदळाची कणी पसरा (बासमतीची नको, घरात बोलणी बसतील) आणि मोबाइलवरून सूर हळूहळू चढवत न्या. एखाद्या सुराला कणी नाचायला लागेल आणि एका रेघेत गोळा होईल. जिथे ती उडते तिथे फळी थरथरते. तिथे आतून आडवी पट्टी मारायची. पुन्हा कणी, पुन्हा सूर. जर्मन पदार्थवैज्ञानिक क्लाड्नीनं १७८७ साली धातूच्या पत्र्यावर वाळू टाकून हाच खेळ लोकांना दाखवला होता.

दोन वूफर लावणार असाल तर आणखी एक खेळ. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढा, दोन वायरींनी वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवा. कोन पुढे आला तर सेलचा प्लस ज्या टोकाला तेच प्लस. मागे गेला तर उलट. एक वूफर सुलटा आणि दुसरा उलटा जोडला गेला तर एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो, आणि दोघांनी मिळून काढलेला खर्ज जवळजवळ शून्य. पैसे दोघांचे मोजलेले असतात.

बंद खोक्यात उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरा. वूफरला खोकं आहे त्याहून मोठं 'वाटतं'. कागदावर ही वाढ ४० टक्क्यांपर्यंत जाते, प्रत्यक्षात पदरात बरंच कमी पडतं. फटी फेविकॉल आणि एमसीलनं बुजवा. कोन हलकेच आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर खोकं हवाबंद आहे.

शंभर वॅटमधला अर्धा

वूफरला १०० वॅट दिले तर आवाज किती वॅटचा निघतो? अर्ध्या वॅटच्या आसपास. उरलेले साडेनव्याण्णव कॉइल तापवण्यात जातात. घरगुती सबवूफरची कार्यक्षमता अर्ध्या टक्क्याच्या आगेमागेच असते. वॅटचा गर्व किती करायचा ते यावरून ठरवा. वर १०० चे २०० वॅट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. आवाज 'दुप्पट' वाटायला दहापट वॅट लागतात.

पीएमपीओ नावाचा आकडा तर विसरूनच जा. त्याची ठरलेली व्याख्या कुठेच नाही. एलए ४४४० ही आयसी ब्रिज करून १९ वॅट देते, आणि तिच्या डब्यावर ५०० चं स्टिकर सुखानं नांदतं. ५२००-१९४३ या आपल्या लाडक्या ट्रान्झिस्टरच्या एका जोडीतून भरवशाचे साधारण १०० वॅट धरा. त्याहून जास्त हवे असतील तर जोड्या वाढवा, ट्रान्सफॉर्मर मोठा घ्या आणि हीटसिंकवर कंजुषी करू नका. दोन ४ ओहमचे वूफर समांतर जोडले तर २ ओहम होतात आणि बोर्डाचा धूर निघतो. एकापुढे एक जोडले तर ८ होतात. वायर जोडण्याआधी मल्टिमीटर लावा.

छताला जाळी

५.१ मधला '.१' म्हणजे फक्त गडगडाटासाठी राखलेली वाट. ती १२० हर्ट्झच्या वर जातच नाही, म्हणून तिला पूर्ण आकडा मिळाला नाही. पण तिचा पूर्वज जबरदस्त होता. १९७४ साली युनिव्हर्सलनं 'अर्थक्वेक' सिनेमासाठी सेन्सराउंड आणलं. थिएटरमध्ये प्रचंड वूफर, भूकंप आला की खुर्च्या हलायच्या. हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये छताखाली जाळी बांधावी लागली, प्लास्टर पडलं तर प्रेक्षकांच्या डोक्यात पडू नये म्हणून. पुलंच्या 'गणगोत'मधले बेळगावचे थिएटरवाले रावसाहेब त्या वेळी तिथे असते तर त्यांनी काय काय शिव्या घातल्या असत्या, याची कल्पना करायला मजा येते.

आणि मिरवणुकीत भिंती हादरवणाऱ्या यंत्रणेला आपण ज्यांचं नाव दिलं, त्या रे डॉल्बींनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी.

सोफ्यावर वूफर, जमिनीवर माणूस

८० हर्ट्झची लहर चौदा फूट लांब असते, आपलं डोकं जेमतेम अर्धा फूट रुंद. त्यामुळे ८० च्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही. सबवूफर टीव्हीशेजारीच हवा असं नाही, सोफ्यामागे, कपाटाच्या बाजूला, कुठेही चालतो. मात्र जागेनुसार आवाज कमालीचा बदलतो. जागा शोधायची जगन्मान्य पद्धत अशी: वूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवायचा, गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेनं रांगत फिरायचं. जिथे खर्ज भरीव आणि सारखा ऐकू येतो, ती वूफरची जागा. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर आई देवऋषीला बोलावेल.

कोपऱ्यात ठेवला तर आवाज वाढतो, पण बहुधा घुमतो. वर पत्र्याचं किंवा कौलाचं छप्पर असेल तर तेही सोबत वाजतं. कोपऱ्यापासून दोन-तीन फूट सरकवून बघा.

२० हर्ट्झच्या खाली माणसाचा कान संपतो, जग संपत नाही. खानापूर, चंदगड, दोडामार्गच्या रानात फिरणारे हत्ती एकमेकांशी बोलतात ते बरंचसं याच पट्टीत. केटी पेन या संशोधिकेला १९८४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभी असताना हवेत नुसती धडधड जाणवली, आणि त्यावरून हा शोध लागला. तुमचा सबवूफर १८ हर्ट्झला वाजत असेल तर त्या आवाजाचा खरा श्रोता तिकडे जंगलात आहे.

दहाच्या आत

खर्जाला भिंत अडवत नाही. गावातल्या जोडघरांत तर शेजारची भिंत आपलीच असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि घरातल्या खासगी यंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर यापेक्षा ५ डेसिबलनंच जास्त जाऊ शकतो. वूफरखाली जाड रबर ठेवा, आणि शेवटचा स्फोट दहाच्या आधी होईल अशा बेतानं सिनेमा लावा.

आता खरेदीचं. साधारण १२ बाय १८ च्या हॉलसाठी माझा कौल असा: एकच १२ इंची, एफएस ३० च्या आत, एक्समॅक्स १२ मिलिमीटर किंवा जास्त, क्यूटीएस अर्ध्याच्या आसपास, बंद खोकं ५०-६० लिटरचं, आणि खरे २०० वॅट देणारा अँप्लिफायर. पैसे उरले तर १५ इंचीच्या मागे लागू नका, पुढच्या वर्षी तसाच दुसरा १२ इंची घ्या. काउंटरवर गेल्यावर 'मामा, एक्समॅक्स किती?' एवढंच विचारा. कागद पुढे आला तर बोलणी करा. 'दणका बघ की लगा' असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.